आठच्या आकड्याचं कुलूप: काढता येणाऱ्या कोरचं जुनं पॅडलॉक ओळखायचं कसं आणि पिक करायचं कसं

गेल्या उन्हाळ्यात इथे इंडियानात एका गराज सेलला एक पितळी कुलूप मिळालं, दोन डॉलरला. चावी नाही, कडी बंद, आणि विकणाऱ्या आजोबांना विचारलं तर ते म्हणाले तीस वर्षं असंच पडलंय टूलबॉक्समध्ये. घरी आणलं, टेबलावर ठेवलं आणि मला वाटलं अर्ध्या तासात उघडेल कारण तोपर्यंत मी दहा-बारा साधी कुलपं पिक केलेली, म्हणजे चावीशिवाय बारीक हत्यारांनी उघडलेली होती. उघडायला एकोणीस दिवस लागले. रोज रात्री जेवणानंतर तासभर. त्यात चूक माझीच होती, मी एक कुलूप समजून जे उघडत होतो ती खरं तर एकात एक बसवलेली दोन कुलपं होती आणि हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून हे लिहितोय. ज्यांनी साधं पाच पिनांचं कुलूप एक-दोनदा तरी पिक केलंय त्यांच्यासाठी आहे. अगदीच कोरे असाल तर आधी एखादं स्वस्त पारदर्शक प्रॅक्टिस कुलूप घ्या, आठवडाभर खेळा आणि मग या.

सुरुवातीलाच दोन नियम, जगभरचे हौशी लोक हेच पाळतात. कुलूप स्वतःच्या मालकीचं असेल तरच हात लावायचा. आणि स्वतःचं असलं तरी वापरात असलेलं कुलूप पिक करायचं नाही, कारण पिक करताना पिन अडकली, स्प्रिंग वाकली की रात्री अकरा वाजता घराबाहेर उभे राहाल. अमेरिकेत बहुतेक राज्यांत पिक जवळ बाळगायला हरकत नसते पण प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा, तेव्हा आपापल्या राज्याचं एकदा वाचून घ्या आणि सेट गाडीत टाकून फिरू नका.

आधी ओळखा, मग पिक उचला

कोर म्हणजे चावी जाते तो कुलपाचा आतला गाभा. "कोर काढता येतो" हे वाक्य ऐकून लोक सगळी कुलपं एकाच टोपलीत टाकतात. तसं नाहीये. मला तरी तीन जाती माहिती आहेत आणि तिन्हींची वागणूक वेगळी.

कुलूप उलटं धरा, चावीचं भोक वर दिसेल असं. आता त्या भोकाच्या भोवतीचा आकार बघा. इंग्रजी आठच्या आकड्यासारखा, म्हणजे दोन गोल एकमेकांना चिकटलेले, एका गोलात चावीचं भोक आणि दुसरा गोल कोरा किंवा त्यावर नाव-नंबर कोरलेला, असं दिसलं तर तुमच्या हातात छोट्या मापाचा बदलता कोर आहे. हा आकार एकदा बघितला की विसरत नाही. ही मूळ कल्पना फ्रँक बेस्ट या माणसाची. हा सिएटलमध्ये शाळेच्या इमारतीची देखभाल बघायचा आणि चाव्यांच्या जुडग्यांना वैतागलेला होता. एखादी चावी हरवली की कुलूप उतरवा, दुरुस्तीला न्या, परत बसवा. त्याने विचार केला की कुलूप जागेवरच राहू दे, फक्त आतला गाभा काढून दुसरा टाकू. १९२० च्या दशकात कंपनी काढली, मग ती इंडियानापोलिसला गेली. (बेस्ट म्हणजे आपली लाल बस नव्हे, माझ्या दादरच्या मामाला हे समजावताना फोनवर दहा मिनिटं गेली.) पुढे २००२ मध्ये ती स्टॅनलीने घेतली आणि २०१७ मध्ये डोर्माकाबाकडे गेली. पेटंटं संपल्यावर फाल्कन, अ‍ॅरो वगैरेंनी त्याच मापाचे कोर काढले, त्यामुळे आकार आठचा आहे म्हणजे बेस्टचंच असेल असं नाही, तोंडावरचं नाव वाचा. अंगावर "बेस्ट युनिव्हर्सल लॉक" आणि इंडियानापोलिस असं कोरलेलं असलं तर माल जुना आहे असं समजायला हरकत नाही.

चावी सोबत असली तर अजून एक खूण. आपल्या नेहमीच्या चावीला डोक्याखाली एक खांदा असतो, तो कुलपाच्या तोंडाला टेकला की चावी थांबते. या चावीला खांदाच नसतो. ती टोकावर थांबते, म्हणजे टोक आत जाऊन टेकतं. म्हणून खाचांची मोजणीसुद्धा टोकाकडून करतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला ती चावी अर्धवट घासलेली वाटते.

दुसरी जात मोठ्या मापाच्या कोरची. श्लेग, सार्जंट, येल, कॉर्बिन यांनी आपापले मोठे कोर काढले, आकार एकमेकांशी जुळत नाहीत. आठच्या कोरसारखीच त्यातही कोर काढायची वेगळी चावी असते, पण आतली रचना प्रत्येकाची निराळी. बऱ्याच जणांत कोर धरून ठेवणारा भाग सगळ्या पिनांवर अवलंबून नसून मोजक्याच पिनांवर असतो. यावर मी इथे फार बोलणार नाही, माझ्या हातून एकच गेलंय.

तिसरी जात फसवी. अमेरिकन लॉक कंपनीची ११०० आणि ५२०० ही मालिका, अ‍ॅल्युमिनियमची रंगीत किंवा जाड लोखंडी, आणि काहींवर "यूएस" असा सरकारी ठसा. यातही सिलिंडर निघतो पण चावीने नाही. कुलूप उघडून कडी फिरवली की कडीच्या मोकळ्या पायाच्या भोकात खाली एक स्क्रू दिसतो, तो सोडवला की सिलिंडर खालून बाहेर येतो. म्हणजे आधी कुलूप उघडलेलं हवं. इथे आठचा आकार नसतो, साधा गोल सिलिंडर दिसतो. पिनांना मात्र दातेरी काप असतात, स्क्रूच्या आट्यांसारखे, त्यामुळे प्रत्येक पिन चार-पाच वेळा खोटी टिक (पिन जागेवर बसल्याची बोटाला लागणारी बारीक खूण) देते आणि नवीन माणूस वेडा होतो. उपाय एकच, टेन्शन, म्हणजे फिरवण्यासाठी दिलेला पीळ, अगदी हलकं आणि फिरणारा भाग मागे सरकायला लागला की त्याला थोडं मागे जाऊ द्यायचं. ते एवढंच.

आणि हो, पुण्या-मुंबईतून वाचणाऱ्यांसाठी. घरात जे नवताल किंवा अलीगढचं जड कुलूप आहे ते यातलं काहीच नाही. त्यात पिना नसून लिव्हर असतात, एकावर एक रचलेल्या पत्र्याच्या पट्ट्या, आणि गोदरेजांनी १८९७ मध्ये लालबागला कुलपं बनवायला सुरुवात केली तेव्हापासून आपल्याकडे लिव्हरवरच जास्त विश्वास. त्याची हत्यारं वेगळी, रीत वेगळी. इथलं वाचून त्यावर प्रयोग करू नका, नुसता वेळ जाईल.

आत काय आहे

हा भाग कंटाळा न करता वाचा, कारण माझे एकोणीस दिवस इथेच गेले.

साध्या पिनांच्या कुलपात फिरणारा गोल दांडा असतो, त्याला प्लग म्हणू. त्याच्याभोवती न फिरणारं कवच. पिनांच्या जोड्या प्लगमधून कवचात गेलेल्या असतात म्हणून प्लग फिरत नाही. बरोबर चावी घातली की प्रत्येक जोडीमधली फट नेमकी प्लग आणि कवच यांच्या मधल्या रेषेवर येते. त्या रेषेला शिअर लाइन म्हणतात. एक रेषा, एक काम.

आठच्या आकड्याच्या कोरमध्ये प्लग आणि कवच यांच्या मध्ये अजून एक नळी आहे. तिला कंट्रोल स्लीव्ह म्हणतात, आपण स्लीव्ह म्हणू. या स्लीव्हच्या बाजूला एक छोटा दात बाहेर आलेला असतो आणि तोच दात कुलपाच्या अंगातल्या खाचेत अडकून कोरला धरून ठेवतो. म्हणजे आता रेषा दोन झाल्या. प्लग आणि स्लीव्ह यांच्या मधली, ती रोजच्या चावीची, आणि स्लीव्ह आणि कवच यांच्या मधली, ती कोर काढायच्या खास चावीची, म्हणजे कंट्रोल चावीची. रोजची चावी घातली की फक्त प्लग फिरतो आणि कुलूप उघडतं. कंट्रोल चावी घातली की प्लग आणि स्लीव्ह दोघं चिकटून एकत्र फिरतात, घड्याळाच्या दिशेने साधारण १५ अंश, बस्स, दात आत जातो आणि अख्खा कोर हातात येतो.

पिनांची एक जोडी बसते त्या उभ्या भोकाला खोली म्हणू. दोन रेषा म्हटल्यावर प्रत्येक खोलीत दोन फटी हव्यात. म्हणून पिनांच्या जोडीऐवजी निदान तीन तुकडे असतात. खालची पिन, मधली कंट्रोल पिन आणि वरची पिन, वर स्प्रिंग, आणि त्यावर पितळेची बारीक टोपी ठोकून बसवलेली. मास्टर चावीची व्यवस्था असेल तर अजून एक चकती मध्ये येते. खोल्या पाच, सहा किंवा सात, आणि सातवाल्याच जास्त दिसतात.

आकडे आवडतात त्यांच्यासाठी एक खोली सोडवून दाखवतो, न आवडणाऱ्यांनीही एकदा बघाच. सगळ्यात जास्त भेटणारी पद्धत ए-टू. त्यात चावीची खाच किती खोल हे ० ते ९ आकड्यांत मोजतात, आणि एका पायरीचा फरक ०.०१२५ इंच. स्लीव्हची जाडी १० पायऱ्या म्हणजे ०.१२५ इंच. आणि प्रत्येक खोलीतल्या सगळ्या पिनांची बेरीज नेहमी २३ पायऱ्या येते. समजा एका खोलीत रोजच्या चावीची खाच ३ आणि कंट्रोल चावीची ७. खालची पिन ३ ची. कंट्रोल पिन किती, तर ७ मध्ये स्लीव्हचे १० मिळवा, १७, त्यातून खालची ३ वजा, १४. उरली वरची, २३ मधून १७ गेले, ६. बघा, ३, १४ आणि ६ मिळून २३.

आता याचा पिक करणाऱ्याला अर्थ काय. ७ ची खाच ३ पेक्षा खोल, म्हणजे या खोलीत पिना थोड्या उचलल्या की आधी कंट्रोलची फट रेषेवर येते आणि एक टिक मिळते. अजून चार पायऱ्या, ०.०५ इंच म्हणजे जेमतेम सव्वा मिलिमीटर उचललं की रोजच्या रेषेची दुसरी टिक. शेजारच्या खोलीत हेच उलटं असू शकतं. तुमच्या बोटाला दोन्ही टिका सारख्याच लागतात. सात खोल्या, प्रत्येकीत दोन शक्यता, म्हणजे १२८ प्रकारे तुम्ही "सगळ्या पिना बसल्या" असं म्हणू शकता आणि त्यातल्या फक्त दोन प्रकारांत काहीतरी फिरतं, एकतर सगळ्या रोजच्या रेषेवर नाहीतर सगळ्या कंट्रोलच्या रेषेवर. बाकी १२६ वेळा सातही पिना बसलेल्या, टेन्शन घट्ट, आणि कुलूप मख्ख. माझं हेच चाललं होतं, मला वाटायचं कुलूप गंजलंय.

हत्यारं

चावीची वाट अरुंद आणि वेडीवाकडी असते, पिनासुद्धा साध्या कुलपापेक्षा बारीक. त्यामुळे जाड पिक आत गेला तरी हलत नाही. ०.०१८ इंच किंवा त्याहून पातळ पत्र्याचे पिक घ्या, एक छोटा हुक आणि एक मध्यम हुक पुरतो. रेक मारून, म्हणजे दातेरी पिक आतबाहेर घासून, हे कुलूप उघडल्याचे व्हिडिओ असतात, नशिबाचा भाग आहे, शिकायचं असेल तर त्या नादी लागू नका.

टेन्शनर, म्हणजे पीळ द्यायची पट्टी, दोन प्रकारचे ठेवा. एक चपटा, चावीच्या वाटेच्या पिनांकडच्या टोकाला म्हणजे कोऱ्या गोलाच्या बाजूला बसणारा. यामुळे खाली पिक हलवायला जागा राहते. दुसरा खास या कोरसाठीच बनवलेला, त्याच्या पात्याला बारीक दात असतात. स्लीव्हच्या तळाला प्रत्येक खोलीखाली एक बारीक भोक असतं, ते मुळात दुरुस्तीच्या वेळी पिना ढकलून बाहेर काढायला ठेवलेलं, आणि हे दात त्या भोकांत अडकतात. मग तुमचा जोर प्लगवर न पडता थेट स्लीव्हवर पडतो. याचा फायदा पुढे सांगतो. विकत मिळतो, महाग वाटला तर पातळ स्टीलची पट्टी कानशीने घासून लोक घरी करतात, मी दोन बिघडवले, तिसरा चालला.

याशिवाय एक छोटा शिकंजा, भिंग, डोक्याला लावायची बॅटरी, आणि पांढरं फडकं. फडकं टेबलावर आधी अंथरा. पितळी पिना जमिनीवर पडल्या की कार्पेट त्या गिळून टाकतं.

सफाई

जुन्या कुलपात तीस वर्षांचा चिकटा असतो. आधी चावीच्या भोकातून हवा मारा, मग एखादं पातळ साफ करायचं तेल किंवा सॉल्व्हंट सोडा, कुलूप तोंड खाली करून फडक्यावर ठेवा, काळं पाणी गळेल ते गळू द्या. असं दोन-तीनदा. मग टेफ्लॉनवालं हलकं वंगण एक-दोन थेंब. ग्रॅफाइट आणि तेल एकत्र अजिबात टाकू नका, त्याचा चिखल होतो. खोबरेल तेल तर नकोच, आमच्याकडे आईने एकदा गोदामाच्या कुलपात घातलं होतं, थंडीत ते आत गोठून बसलं.

सफाईनंतर टेन्शन न लावता प्रत्येक पिन हुकने दाबून बघा. सगळ्या स्प्रिंगने परत येतात ना? किती आहेत ते मोजा. एखादी परत येत नसेल तर अजून सफाई. हा अर्धा तास वाया जात नाही.

पिक करायचं, साध्या टेन्शनरने

कुलूप शिकंज्यात धरा, कोरा गोल वर आणि चावीचं भोक खाली असं, म्हणजे पिना वरून खाली लटकतायत असं चित्र डोळ्यासमोर राहील. जबड्यात कापड घाला नाहीतर पितळेवर ओरखडे पडतात आणि जुन्या कुलपाची किंमत जाते.

टेन्शन घड्याळाच्या दिशेने. किती? मोबाइलच्या स्क्रीनवर बोट ठेवतो तेवढं. नवीन लोकांचं नव्वद टक्के दुखणं इथे असतं, सगळे पिळतात. जास्त पिळलं की एकाच वेळी चार पिना अडकतात आणि टिका कळत नाहीत.

मागून पुढे एकेक पिन हळू उचलून बघा, जी कडक लागेल ती अडकलेली. तीच थोडी उचला, टिक आली की थांबा, पुढची कडक पिन शोधा. इथपर्यंत नेहमीसारखंच. सगळ्या बसल्या आणि प्लग फिरला तर छान, कुलूप उघडलं. फिरला नाही तर टेन्शन सोडू नका, सोडलं की सगळी मेहनत खाली पडते. आता एकेका पिनेवर परत जा आणि अगदी किंचित उचलून बघा. एखादी वर सरकून दुसरी टिक देते का? टेन्शनरला किंचित हालचाल जाणवते का? ज्या पिनेने ती हालचाल दिली ती आधी चुकीच्या रेषेवर होती. उलट ज्या पिनेला खाली यायचंय तिच्यासाठी टेन्शन केसभर हलकं करावं लागतं, त्यात दोन-तीन शेजारच्याही पडतात, मग त्या परत बसवायच्या. हे मधलं काम म्हणजे खरी चिकाटी. एक वही जवळ ठेवा, कुठली खोली कुठल्या उंचीला टिक देते ते लिहा, "तिसरी, लगेच टिक, मग अजून एक" अशा भाषेत लिहिलं तरी चालतं. माझं कुलूप शेवटी वहीमुळे उघडलं, हातामुळे नाही.

दाताच्या टेन्शनरने, म्हणजे सोप्या रस्त्याने

प्लगवर जोर दिला की प्लग पिनांना ढकलतो, पिना स्लीव्हला, स्लीव्ह परत पिनांना, म्हणून दोन्ही रेषांवर अडकाअडकी होते. जोर थेट स्लीव्हवर दिला तर फक्त स्लीव्ह आणि कवच यांच्यामधली रेषा अडकते. रोजच्या रेषेची टिक जवळजवळ लागतच नाही. १२८ चं कोडं संपलं आणि ते साधं सात पिनांचं कुलूप झालं.

टेन्शनर चावीच्या वाटेच्या तळाशी सरकवा, दात खाली तोंड करून. हळूच मागेपुढे हलवत राहा, एका जागी दात भोकांत बसल्याचं हाताला कळतं, मग तो सहज मागे येत नाही. आता घड्याळाच्या दिशेने हलकं टेन्शन. दात निसटत असतील तर खाली किंचित दाब ठेवा, पण दाबच जास्त झाला तर पट्टी वाकते. मग नेहमीसारखं एकेक पिन. सातवी बसली की प्लग आणि स्लीव्ह थोडेसे फिरतात, जेमतेम १५ अंश, आणि थांबतात. इथे घाबरून लोक अजून पिळतात. नका. तेवढंच फिरायचं असतं.

आता टेन्शनर आहे त्याच कोनात धरून कोर सरळ बाहेर ओढा. जुना असेल तर चिकटलेला असतो, कुलूप हातात घेऊन तळहातावर हलकेच आपटलं की सैल होतो. कोर बाहेर आला की कुलपाच्या पोकळीत आत डोकावा, तळाशी प्लगच्या मागच्या दोन भोकांत शिरणारा एक फिरणारा भाग दिसेल. पातळ स्क्रूड्रायव्हरने तो फिरवला की कडी टक्कन उघडते. एकोणीस दिवसांनी तो आवाज ऐकला तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजले होते आणि बायकोने आतून विचारलं काय पडलं.

एक गोष्ट इथे सगळे विसरतात. हातातल्या कोरचा प्लग सरळ करू नका! सरळ केला की पिना खाली पडतात आणि स्लीव्हचा दात परत बाहेर येतो, आणि दात बाहेर असलेला कोर कुलपात परत जात नाही. कंट्रोल चावी तर तुमच्याकडे नाही. म्हणजे परत बसवायला आधी हातात धरून परत पिक करा, आणि आठाच्या आकड्याचा तो तुकडा हातात धरून पिक करणं म्हणजे साबण धरून दाढी करण्यासारखं आहे. एक तर प्लग तसाच फिरवलेला ठेवा, नाहीतर ठरवूनच टाका की कोर आता खोलायचा.

कोर खोलून चावी काढणं

चावी करून घ्यायची असेल तर खोलावंच लागतं. कोर एका ठोकळ्यात उलटा धरतात, टोप्या खाली आणि तळाची भोकं वर, आणि त्या भोकातून बारीक पंच घालून हलकेच ठोकलं की टोपी, स्प्रिंग आणि त्या खोलीतल्या सगळ्या पिना एका ओळीत खाली येतात. एका वेळी एकच खोली. आइस क्यूबच्या ट्रेमध्ये सात खण मोजून ठेवा, टोकाकडची खोली पहिली. ट्रे उलटला तर संध्याकाळ गेली समजा.

मग वर्निअरने प्रत्येक तुकडा मोजा. एकमेकांतले फरक ०.०१२५ च्या पटीत येत असतील तर ए-टू. ०.०१८ च्या पटीत असतील तर ए-थ्री आणि ०.०२१ च्या पटीत तर ए-फोर, त्यांच्या पायऱ्या कमी आणि बेरीज वेगळी. ए-टू असेल तर वर दाखवलेलं गणित उलटं करा. खालची पिन म्हणजे रोजच्या चावीची खाच. वरची पिन १३ मधून वजा केली की कंट्रोल चावीची खाच, आपल्या उदाहरणात १३ मधून ६ गेले, ७. दोन मिनिटांत दोन्ही चाव्यांचे आकडे कागदावर. एखाद्या खोलीत चार तुकडे निघाले तर ते कोर मास्टर व्यवस्थेतलं होतं, तिथे खालच्या पिनेचा एक आणि चकती मिळवून दुसरा असे रोजच्या चावीचे दोन आकडे निघतात, वरच्या पिनेचं गणित तेच राहतं.

आणि इथेच थोडं थांबा. हे कोर विद्यापीठं, दवाखाने, सरकारी इमारती यांत हजारोंनी बसवलेले असतात आणि एका संस्थेची कंट्रोल चावी बहुतेक वेळा सगळीकडे एकच असते. म्हणजे भंगारातून आलेल्या एका कोरमधून तुम्ही जे आकडे काढले ते कदाचित एखाद्या चालू इमारतीच्या प्रत्येक कुलपाचे आहेत. कोरवर संस्थेचं नाव किंवा खोलीचा नंबर कोरलेला असेल तर आकडे कुठेही टाकू नका, फोटोत पिनांची रांग दाखवू नका. मी माझ्या कुलपाच्या पिना मिसळून नवीन आकड्यांवर भरल्या, जुना कागद फाडला.

परत भरताना त्याच क्रमाने, खालची, कंट्रोल, वरची, स्प्रिंग आणि टोपी. टोपी ठोकायला लाकडी किंवा नायलॉनची हातोडी, जोर पापड फोडण्याइतका. प्रत्येक टोपीनंतर चावी घालून फिरवून बघा, सातही ठोकून झाल्यावर चूक कळली तर परत पहिल्यापासून. चावीसाठी तोंडावरची वाट बघून तोच प्रोफाइल मागा, बेस्टच्या वाटांना ए, बी, सी अशी अक्षरं आहेत आणि एकीची चावी दुसरीत जात नाही. नेहमीचं चावी बनवणारं मशीन नक्कल करतं, इथे नक्कल करायला काही नाही, त्यामुळे आकड्यांवरून खाचा पाडणारा लॉकस्मिथ शोधा आणि सोबत कुलूप घेऊन जा, म्हणजे त्याला तुम्ही कोण हे सांगत बसावं लागत नाही.

सरावासाठी अजून एक. माझ्यासारखं थेट सातवर उडी मारू नका. चावीसकट मिळणारा एखादा वापरलेला कोर घ्या, त्यात फक्त दोन खोल्या भरा, बाकी रिकाम्या, आणि दोन्ही टेन्शनरने दहा-दहा वेळा उघडा. मग तीन खोल्या. चारला पोचलात की दोन रेषांचा फरक बोटाला आपोआप कळायला लागतो. भरायच्या आधी सगळ्या खोल्यांत खाचांचे आकडे लांब लांब घ्या, म्हणजे रोजचा १ आणि कंट्रोलचा ८ असं, दोन टिका दूर पडतात आणि ओळखू येतात. पुढे ५ आणि ६ घेऊन बघा, तेव्हा कळेल की माझे एकोणीस दिवस कुठे गेले.